पहिली चकली

आमच्या घरी दिवाळीची पहिली चकली कधी डब्यात जात नाही. कढईत तेल तापले, सोऱ्यात पीठ भरले, की आमची ही एकच चकली तेलात सोडते आणि झारा हातात धरून तिच्याकडे अशा नजरेने बघत उभी राहते, की जणू मुलाचा मॅट्रिकचा निकाल लागतो आहे. चकली तेलात विरघळली तर मोहन जास्त झाले. दातांना दाद देईना तर मोहन कमी पडले. वरून लाल आणि आतून मऊ राहिली तर तेल फार तापले. मग जे काय करायचे ते करून पुन्हा एक चकली. ती मनासारखी उतरली की मगच खरा घाणा सुरू होतो.

तेवढ्याने तिचे समाधान होत नाही. फराळाचे पहिले ताट शेजारच्या काकूंकडे जाते. हा शेजारधर्म आहे अशी माझी कित्येक वर्षे समजूत होती. पण ताट परत आणून देताना काकू "चकली छान झालीय हो" एवढेच म्हणाल्या तर ही नुसती हसते, आणि "यंदा भाजणी विकतची का?" असे त्यांनी सहज विचारले, तर संध्याकाळपर्यंत घरात कोणी कोणाशी फारसे बोलत नाही.

या दोन्ही गोष्टींना शास्त्रात मोठमोठी नावे आहेत, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले. पहिल्या चकलीला म्हणतात 'अंतर्गत गुणवत्ता नियंत्रण' आणि काकूंच्या ताटाला 'बाह्य गुणवत्ता मूल्यमापन'. हे ज्ञान मला स्वस्तात मिळाले नाही. त्याचीच ही हकीकत.

मी पेशाने रक्त तपासणारा. पुण्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी चौतीस वर्षे काढली, त्यांतली शेवटची पंधरा मुख्य तंत्रज्ञ म्हणून. माझा हात हलका आहे अशी ख्याती होती. लहान मुलांच्या आया "त्या काकांनाच बोलवा" म्हणून हटून बसत. त्यामुळे २०११ साली एके सकाळी आमच्या डॉक्टरसाहेबांनी सर्वांना बोलावून, "आपल्याला प्रयोगशाळेची अधिस्वीकृती घ्यायची आहे," असे सांगितले, तेव्हा मी मनातून चांगलाच दुखावलो. कोणी सक्ती केली नव्हती, सरकारचा हुकूम नव्हता. मग आपण होऊन परीक्षेला बसायचे कशासाठी?

"साहेब, आपल्या दारात आयएसओचं प्रमाणपत्र लावलेलं आहे की!" मी म्हणालो.

साहेब हसले. "ते ९००१ चं. ते काय सांगतं? की इथला कारभार रीतीनं, लिहून-वाचून चालतो. बिस्किटांच्या कारखान्यालाही ते मिळतं आणि यात्रा कंपनीलाही मिळतं. तुम्ही काढलेला साखरेचा आकडा बरोबर आहे की नाही, याबद्दल ते एक अक्षर बोलत नाही."

हा फरक मला तोवर खरोखरच ठाऊक नव्हता, आणि माझी खात्री आहे की वाचकांपैकीही पुष्कळांना नसेल. प्रमाणपत्र म्हणजे कारभार ठरल्या नियमांप्रमाणे आहे याची ग्वाही. अधिस्वीकृती म्हणजे अमुक काम करण्याची अंगी पात्रता आहे याची ग्वाही, आणि तीसुद्धा मोघम नव्हे. वैद्यकीय प्रयोगशाळांसाठी आयएसओ १५१८९ नावाचे एक मानक २००३ साली प्रथम निघाले. त्याला धरून आपल्या देशात 'एनएबीएल' हे मंडळ प्रयोगशाळांची परीक्षा घेते. ही परीक्षा एकेका तपासणीची असते. साखरेत पास झालात म्हणून थायरॉइडमध्ये पास, असे नाही. ज्या तपासण्यांची यादी मंजूर झाली, त्यांच्यापुरतेच त्या मंडळाचे चिन्ह वापरायचे. चकली उत्तम करणारीने अनारशांबद्दल बोलू नये, असाच हा न्याय आहे.

तयारीला आम्हाला आठ महिने लागले. पहिले तीन महिने नुसते लिहिण्यात गेले. रक्त कसे घ्यायचे, नळी किती वेळा उलटसुलट करायची, यंत्र सकाळी कसे सुरू करायचे, जे जे आम्ही डोळे मिटून करत होतो ते ते कागदावर उतरवायचे. लिहायला बसलो तेव्हा ध्यानात आले, की आम्ही सहा तंत्रज्ञ एकच काम चार तऱ्हांनी करत होतो आणि प्रत्येकाला वाटत होते की रीत आपलीच.

मग मापांची पाळी आली. रक्तद्रव मोजून घेण्यासाठी आमच्याकडे पिपेटा असतात. शंभर मायक्रोलिटर म्हणजे पाण्याचे जेमतेम दोन थेंब. पण तो पिपेट खरोखरच तेवढे उचलतो का, हे कोणी पाहावे? त्यासाठी पाणी उचलून नाजूक तराजूवर तोलतात. शंभर मायक्रोलिटर पाण्याचे वजन सुमारे शंभर मिलिग्रॅम भरायला हवे. आमचे तीन जुने पिपेट या परीक्षेत नापास झाले. फ्रीजमधल्या तापमापकाचीही अशीच तपासणी झाली. तो चार अंश म्हणे तेव्हा प्रत्यक्षात साडेपाच असत. नऊ वर्षे तो बिचारा दीड अंश खोटे बोलत होता आणि आम्ही माना डोलावत होतो.

मी ज्याला विचारले तो कॅलिब्रेशनवाला तरुण मोठा बोलका होता. मी म्हटले, "अरे, तू माझा तराजू तपासतोस, पण तुझी वजनं कोण तपासतं?" तो म्हणाला, "आमच्याहून वरची प्रयोगशाळा. तिची त्याहून वरची. असं करत करत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत." तिथे आपल्या देशाचा किलोग्रॅम जपून ठेवलेला आहे, ५७ क्रमांकाचा. त्याची गाठ त्या काळी पॅरिसजवळच्या सेव्र येथील मूळ किलोग्रॅमशी घातलेली होती. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या त्या धातूच्या तुकड्यावरून निघून प्लँकच्या स्थिरांकावर गेली, म्हणजे आता ती साखळी एका ठोकळ्यापाशी न थांबता निसर्गाच्या एका नियमापाशी जाऊन थांबते. आणि मंडळाची तरी परीक्षा कोण घेतो? तर इतर देशांतल्या अशाच मंडळांचे जाणकार येऊन घेतात. २००० साली निरनिराळ्या देशांच्या मंडळांनी मिळून तसा करारच केला. मला हे ऐकून बरे वाटले. म्हणजे या जगात "माझ्यावर विश्वास ठेवा" एवढ्यावर सुटका कोणाचीच नाही. मग आपणच राग कशाला धरायचा?

अखेर परीक्षकांचा दिवस उजाडला. मला वाटले होते, सुटाबुटातले कोणी कडक साहेब येतील. आल्या त्या एक पन्नाशीच्या डॉक्टरीणबाई, साधी सुती साडी, खांद्याला पिशवी. दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेत त्या स्वतः हेच काम करत होत्या. परीक्षक असे त्याच धंद्यातले असतात, हीच खरी पंचाईत. त्यांच्यापुढे बतावणी चालत नाही.

बाईंनी प्रथम फ्रीजच्या तापमानाची वही मागितली. मी ती अभिमानाने पुढे केली. सकाळ-संध्याकाळ नोंद, एकही रकाना रिकामा नाही. बाई पाने उलटत राहिल्या.

"रोज चार अंश," त्या म्हणाल्या. "तीन नाही, पाच नाही."

"फ्रीज चांगला आहे, बाई."

"जून महिन्यात दोन दिवस हा फ्रीज दुरुस्तीला गेला होता. त्याचं बिल मघाशी मी फायलीत पाहिलं. त्या दोन दिवसांतही वहीत चार अंश आहेत."

माझ्या तोंडाला कोरड पडली. आमचा शिपाई महिन्याच्या शेवटी एका बैठकीत सगळे रकाने भरून टाकत असे. आणि त्याचा दोष तरी काय? "रकाना रिकामा दिसता कामा नये," हे त्याला मीच बजावले होते.

मग त्यांनी कंट्रोलचे तक्ते पाहिले. हा कंट्रोल म्हणजेच आमची पहिली चकली. ज्यातली साखर किती हे आधीच ठाऊक आहे, असा रक्तद्रव रोज सकाळी यंत्राला घालायचा आणि उत्तर बरोबर आले तरच रुग्णांचे नमुने हाती घ्यायचे. रोजच्या उत्तराचा ठिपका तक्त्यावर मांडायचा. कारखान्यांतली ही युक्ती १९५० साली लेव्ही आणि जेनिंग्ज या दोघा अमेरिकनांनी रक्ताच्या प्रयोगशाळेत आणली. तक्त्यावर मधली रेषा आणि तिच्या दोन्ही अंगांना मर्यादेच्या रेषा असतात. गंमत अशी, की सगळे काही सुरळीत असतानाही वीस ठिपक्यांत एखादा दुसऱ्या रेषेच्या बाहेर पडायचाच. तो हिशेबाचा नियम आहे. आमच्या तक्त्यावर वर्षभरात एकही पडलेला नव्हता.

"इतकं शहाणं यंत्र मी अजून पाहिलेलं नाही," बाई म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागले. उत्तर बाहेर आले की आम्ही कंट्रोल पुन्हा लावत होतो, पुन्हा आत येईपर्यंत लावत होतो, आणि आत आलेला तेवढा मांडत होतो. विरघळलेल्या चकल्या झाऱ्याने काढून टाकायच्या, पीठ मात्र तसेच ठेवायचे, असा तो प्रकार होता.

"तुमच्या चुकांची वही दाखवा," त्या शेवटी म्हणाल्या.

"आमच्याकडे चुका होत नाहीत, बाई." हे वाक्य तोंडातून निघून गेले, आणि खोलीतले सगळे जमिनीकडे पाहू लागले.

बाईंनी वही मिटली. "चुका सगळीकडे होतात. माझ्याकडेही होतात. ज्या प्रयोगशाळेत चुकांची वही कोरी असते, तिथं मी माझ्या आईचं रक्त पाठवणार नाही. बरं, हे सांगा, नमुना नाकारायचा झाला तर तुमच्याकडे कोण नाकारतं? आणि तो ओळखीच्या माणसाचा असला तर?"

हा प्रश्न त्यांनी यादीतून वाचून विचारला असणार. पण मला एकदम २००६ सालची नरक चतुर्दशी आठवली.

माझा दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. वडील गेल्यावर त्याने शिक्षण सोडून नोकरी धरली आणि मला शिकवले. त्या दिवाळीत तो म्हणाला, "फराळ सुरू व्हायच्या आधी एकदा साखर बघून टाक रे. हल्ली तहान फार लागते." पहाटे अभ्यंगस्नान आटोपून मी सहाला त्याच्या घरी गेलो. साखरेसाठी करड्या बुचाची नळी लागते. तिच्यात फ्लोराइड असते. माझ्या पिशवीत ती नव्हती. म्हटले, आपल्याच घरचे काम आहे, आणि रक्त साध्या नळीत घेऊन शर्टाच्या खिशात टाकले. दादाकडे चहा झाला, देवळात जाऊन आलो, वाटेत दोन मित्र भेटले. रुग्णालयात पोचलो तो तातडीची कामे उभी. दादाचे नाव रजिस्टरात लिहिले नाही. घरच्या माणसाला पावती कसली? यंत्रावर ती नळी चढली तेव्हा अकरा वाजून गेले होते.

आता यात शास्त्र असे आहे, की नळीतले रक्त मेलेले नसते. त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. फ्लोराइड नसेल आणि रक्तद्रव वेगळा काढला नसेल, तर साध्या खोलीत दर तासाला शेकडा पाच ते सात साखर कमी होते. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. मी नव्या मुलांना हेच शिकवत होतो. पण उत्तर आले १०६, आणि मी फोनवर आनंदाने ओरडलो, "दादा, काळजीचं कारण नाही!"

"म्हणजे लाडू चालेल?"

"दोन खा!"

उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त साखर म्हणजे मधुमेहाची शंका घेऊन पुन्हा तपासायचे. पाच तासांत किती उतरली असेल याचा हिशेब वाचकांनीच करावा. मी तो त्या दिवशी केला नाही. दोन वर्षांनी दादाला डोळ्यांपुढे काळे ठिपके दिसू लागले. नेत्रतज्ज्ञांनी दृष्टिपटल पाहून विचारले, "मधुमेह किती वर्षांचा?" दादा म्हणाला, "मला मधुमेह नाही. माझा भाऊच रक्त तपासतो." उजव्या डोळ्यावर लेझरचे उपचार झाले, थोडे वाचले, थोडे गेले. केवळ माझ्या त्या आकड्यामुळे ते झाले असे कोणी डॉक्टर म्हणणार नाही. रोग आधीपासूनच मुरत असणार. पण ती दोन वर्षे पथ्याची, औषधाची असती. ती मी त्याला लाडू खायला घालण्यात घालवली.

या गोष्टीची कुठेही नोंद नव्हती. रजिस्टरात नाव नाही, नळीवर वेळ नाही. कागदोपत्री पाहाल तर चूक झालीच नाही. आमच्याकडे चुका होत नाहीत, त्या अशा.

बाईंना मी त्या वेळी एवढेच सांगितले, "नाकारत कोणीच नाही. ओळखीच्या माणसाचा तर नाहीच."

"खरं उत्तर दिलंत," असे म्हणून त्यांनी ते लिहून घेतले.

आमच्या पदरात चौदा उणिवा पडल्या. प्रत्येक उणिवेचे मूळ कारण शोधायचे, उपाय करायचा आणि तो झाल्याचा पुरावा द्यायचा. पूर्वी कारण म्हणून आम्ही माणसाचे नाव लिहीत असू. आता तसे चालेना. शिपायाने खोटे आकडे का भरले? तर रिकामा रकाना दिसला की त्याला बोलणी बसत, आणि जास्त अंश दिसले तर काय करायचे हे कोणी सांगितलेलेच नव्हते. म्हणजे कारण शिपाई नव्हता, मी होतो. त्याला आम्ही सांगितले, "जे दिसेल ते लिही. विसरलास तर रकाना रिकामा ठेव. आठच्या वर गेलं तर मला हाक मार." दुसऱ्याच आठवड्यात त्याने हाक मारली, आणि फ्रीजचे दार नीट लागत नाही हे कळले.

चुकांची वही सुरू झाली. पहिल्या महिन्यात तीस नोंदी झाल्या. साहेब घाबरले, पण मला प्रथमच हलके वाटले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजकडून तपासणीसाठी नमुने येऊ लागले. त्यांतले उत्तर आम्हाला ठाऊक नसते. आपले उत्तर कळवायचे आणि देशभरातल्या इतर प्रयोगशाळांच्या मेळात आपण कुठे बसतो ते पाहायचे. काकूंकडे ताट गेल्यासारखी छातीत धडधड होई. पुढे अधिस्वीकृती मिळाली आणि रिपोर्टावर ते चिन्ह उमटले.

वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी असे रिपोर्ट येत असतील. ते चिन्ह दिसले म्हणजे तिथे कधीच चूक होत नाही, असे समजू नका. त्याचा अर्थ इतकाच, की तिथे चूक शोधायची रीत आहे आणि बाहेरचे कोणी ठराविक मुदतीने येऊन ती रीत पाळली जाते का ते पाहते. चिन्ह सगळ्या तपासण्यांना लागू नसते. यादीबाहेरच्या तपासणीपुढे तशी खूण असते, ती पाहावी. आणि रक्त घेतल्याची वेळ छापली आहे का, तेही पाहावे. माझे ऐका, ती एक ओळ फार महत्त्वाची आहे.

परीक्षेच्या त्या आठवड्यात रविवारी मी दादाकडे गेलो आणि त्याला सगळे सांगितले. साधी नळी, खिसा, देऊळ, अकरा वाजले ते. वहिनी आत भांडी लावत होती. तिचा आवाज थांबला. दादा बराच वेळ काही बोलला नाही. चष्मा काढून त्याने तो सदऱ्याला पुसला. मग म्हणाला, "मग आता नळी कुठली वापरतोस?"

"करड्या बुचाची."

"बरं," तो म्हणाला. "चहा घेणार ना?"

आता मला निवृत्त होऊन काही वर्षे झाली. दादाने ऐंशी कधीच ओलांडली नाही असे आम्ही थट्टेने म्हणत असू, पण आता तोही टप्पा जवळ आला आहे आणि त्याला बाहेर नेणे जड जाते. म्हणून गेल्या दिवाळीआधी त्याचे रक्त मीच घरी घेतले. नळी करड्या बुचाची, नाव लिहिलेले, रिक्षा करून थेट माझ्या जुन्या प्रयोगशाळेत पोचलो. खिडकीत एक नवी मुलगी होती. तिने नळी हातात घेऊन फिरवून पाहिली.

"काका, रक्त घेतल्याची वेळ लिहिलेली नाही. हे घेता येणार नाही."

"अगं, आत्ताच घेतलंय, वीस मिनिटं झाली असतील. मी इथं मुख्य तंत्रज्ञ होतो."

"माहीत आहे, काका. म्हणून तर सांगते." तिने भिंतीवरच्या चौकटीकडे बोट दाखवले. नमुना नाकारण्याचे नियम होते. सातवा नियम वेळेचा. खाली लेखक म्हणून सही माझी होती.

मी नळी घेऊन परत फिरलो. दादा कुरकुरला, "अरे, पुन्हा टोचणार?" मी म्हटले, "हो. नाकारली." तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग हसत हसत त्याने अस्तनी वर केली.

घरी आलो तेव्हा आमची ही कढईपुढे उभी होती. पहिली चकली तेलात सुटून तिचे तुकडे तुकडे झाले होते. "मोहन जास्त झालं," ती म्हणाली, आणि डब्यातून भाजणीची आणखी एक वाटी काढून तिने परातीत ओतली.